निर्दोष मराठीचा वर्ग

रविवार, २ मार्च १९८६. बोईसर.
आनंदीला जाऊन काल वर्ष झाले. शोक निष्फळ असू नये, असे माझे मत आहे. माहेर चिंचणीचे असल्याने ती 'हाय', 'नाय', 'आमी' म्हणे. संसारभर खपून मी तिची वाणी सुधारली. 'छान बोलतेस' असे एकदा म्हणायचे मात्र राहून गेले. ती खंत सत्कारणी लावणार. संकल्प : दर रविवारी घरीच 'कै. आनंदी स्मृती शुद्ध मराठी वर्ग'. विनामूल्य. फळा रंगविला.

बुधवार, ५ मार्च.
कारखान्यातील दिनानाथ म्हणाला, "साहेब, आमच्या शेडमध्ये सगळे हिंदीत शिव्या घालतात. शुद्ध बोलायचं कुणाशी?" त्यास रविवारची वेळ सांगितली. सालवड, कुंभवलीचे कामगार येतीलच. सतरंजी धुतली.

रविवार, ९ मार्च.
कोणीही नाही. ऊन फार होते.
दुपारी मागील दारी सुकट-बोंबील विकणारी जमना. आनंदीकडे नेहमी येत असे. सवयीने तिने हाक मारली, "बाय, हाय का घरात?" आणि जीभ चावली.
मी म्हणालो, "आहे का."
ती म्हणाली, "नाय ना आता."
मी म्हणालो, "नाही."
ती पायरीवर बसून डोळे पुसू लागली. तिला वर्गात प्रवेश दिला.

रविवार, १६ मार्च.
जमना आली. म्हणते, बाय लय हसवायची, तुमची नक्कल करायची, तुमची चाहूल लागली का गप. 'लय'ऐवजी 'पुष्कळ' सुचविले. नक्कल असंभवनीय वाटली, म्हणून करून दाखविण्यास सांगितले. जमनाने पदराने नसलेला चष्मा पुसला व म्हणाली, "आम्ही म्हणावे, आनंदी. आम्ही."
उच्चार निर्दोष होता.
त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक वाक्यात मात्र दोष. सर्व दुरुस्त केले.

रविवार, २३ मार्च.
उत्तम प्रगती! जमनाकडून आज एकही चूक नाही. काहीही विचारले की 'हो' किंवा 'नाही'. लवकर गेली.
आनंदीचेही असेच झाले होते. अखेरच्या वर्षांत तिचे मराठी पूर्णतः निर्दोष होते. 'हो.' 'नाही.' 'जेवण वाढले आहे.'
येथे पेन थांबले. शाई संपत आली असावी.

रविवार, ३० मार्च.
जमना आली नाही. शिमग्याचा थकवा असणार. पुढील पाठ तयार आहे. दिवसभर घरात कोणी चुकीचे बोलले नाही.

रविवार, ६ एप्रिल.
फळा कोराच ठेवला.
दुपारी हाक आली, "बाय, हाय का घरात?" चष्मा न लावताच धावलो, मागचे दार उघडले आणि मोठ्याने म्हणालो, "हाय!"
हाक शेजारच्या काशीबाईंना होती. जमनाने माझ्याकडे वळून पाहिले, मान लववली, आणि टोपली त्यांच्या ओट्यावर उतरविली.
दार उघडेच ठेवून आत बसलो. दोघी लय बोलत होत्या.