वस्तीची गाडी

८ जुलै २०११, शुक्रवार

सुटली! अमेरिकेच्या अंतराळयानाची शेवटची फेरी सुटली. एकतीस सेकंद उरले असताना त्यांनी उलटी मोजणी थांबवली आणि सगळं जग श्वास रोखून बसलं. मी नाही बसलो. तीस वर्षं लांज्याच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर होतो. ऐन वेळी गाडी का थांबते ते मला ठाऊक आहे. म्हटलं, "कंडक्टर बिडी आणायला उतरला असेल." हेमू हसला. माझ्या विनोदाला माझा मुलगा हसला — आजची दुसरी ऐतिहासिक घटना.

बाहेर आखातातली धूळ आणि भट्टी, आत एसी. शुक्रवारची सुट्टी म्हणून सगळे घरात. चार माणसं घेऊन यान धुराच्या खांबावर चढत गेलं आणि माझे डोळे भरून आले. नातीनं पकडलंच. ज्ञानदा नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. "आजोबा, व्हाय आर यू क्राइंग? इट्स गोइंग अप, नॉट डाउन." म्हटलं, धूळ गेली. "इनसाइड द हाउस?"

रात्री जेवताना नेहमीसारखं म्हणालो, "चला, त्यांची गाडी सुटली, आता माझीही बघा. किती दिवस तुमच्याकडे ठाण मांडू?" असं म्हणायचं असतं. आमच्याकडे पाहुण्यानं रोज एकदा निघतो म्हणायचं, यजमानानं "छे, एवढ्यात कुठे!" म्हणायचं, आणि मग दोघांनी पोटभर जेवायचं. हेमूची आई असली म्हणजे पाहुणा पायात चपला घालून परत दोन दिवस राहायचा. हेमू नुसता "बघू, बाबा" म्हणाला. नीलांबरीनं न विचारता पोळी वाढली. सूनबाईला रीत थोडी तरी कळते.

९ जुलै

कागदाला खरं सांगायला हरकत नाही. मला जायचं नाही.

हेमूची आई गेल्यावर लांज्याच्या घरात मी एक पावसाळा एकट्यानं काढला. कौलातून गळायचं तिथे टोप ठेवायचा आणि त्या आवाजाला सोबत म्हणायचं. मला शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत. त्यांत घर म्हटलं की दिवा असतो, अंगण असतं, वाट बघणारं कुणीतरी असतं. ते सगळं आता इथे आहे, दोह्याजवळ अल वक्रात, तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी मासेमारीच्या होड्या परततात. कोपऱ्यावर तनवीरच्या दुकानात वेलचीचा कडक चहा मिळतो. ज्ञानदा माझ्या मांडीवर पाय टाकून टीव्ही बघते.

हेमू म्हणाला होता, कायमच्या व्हिसाचा अर्ज करतो. मी दर आठवड्याला विचारतो, तो म्हणतो, "होईल, बाबा. इन्शाल्ला." इथे या शब्दाचा अर्थ होईल असाही आहे आणि सोडा आता असाही.

आपण होऊन "मला ठेवून घ्या" म्हणणं मात्र जमणार नाही. तसं कोणी म्हणतं का?

१० जुलै

गाडी वस्तीला पोचली. वर स्पेस स्टेशनात सहा जण राहतातच, हे चार गेले, दहा झाले.

ज्ञानदाला वस्तीची गाडी समजावून सांगितली. लांज्याहून शेवटची गाडी साटवलीला जायची, रात्री तिथेच मुक्काम, पहाटे परत. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे आणि गावातून जेवणाचा डबा यायचा. "सो द स्पेस स्टेशन इज साटवली?" अगदी बरोबर. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचा एवढा मोठा सन्मान महामंडळानंही केला नव्हता.

१२ जुलै, मंगळवार

सकाळी अकराला हेमू घरी! "उन्हाळी वेळ आहे, बाबा. दुपारी साइट बंद." अंघोळ करून लुंगीवर माझ्या शेजारी बसला. चारनंतर कॉम्प्युटरवर दोन अंतराळवीर स्टेशनाबाहेर तरंगत काम करत होते. एकाच्या हातातलं हत्यार दोरीनं बांधलेलं होतं. हेमू म्हणाला, "आमच्या साइटवर पण असंच बांधतात, वरून पडू नये म्हणून." चाळीस वर्षांचा झाल्यावर का होईना, मुलाला आकाशाची गोडी लागली. मी लांज्याच्या गोष्टी सांगत गेलो — सातवीतले गुरुजी कविता शिकवताना कसे खिडकीबाहेर बघायचे, पोफळीच्या बागेत पाट सोडला की कसा वास यायचा. तो ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, "तुम्हाला फार आठवतं ना ते सगळं?"

"आठवणार नाही तर काय," मी म्हटलं.

आठवायला मला फार आवडतं. एसीत बसून विशेष.

१४ जुलै

तनवीरनं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाला, "चाचा, आप लोग जा रहे हैं? साहब फ्रिज का पूछ रहे थे, कोई लेनेवाला है क्या. गाडी भी निकाल रहे हैं."

मी म्हटलं, "हां हां, मालूम है."

काहीच मालूम नव्हतं. चहा तसाच राहिला.

म्हणजे हेमूची नोकरी गेली. उन्हाळी वेळ कसली! मंगळवारपासून रोज दुपारी माझ्या शेजारी बसतोय आणि मी खुळ्यासारखा आकाशाच्या गोडीचं कौतुक लिहितोय. या देशात नोकरी गेली म्हणजे सगळंच गेलं. घर, शाळा, माझा व्हिसा.

१५ जुलै, गुरुपौर्णिमा

नीलांबरी हसून वाढते, हेमू हसून जेवतो. मला कळू नये म्हणून दोघं नाटक करतात, त्यांना कळू नये म्हणून मी. एका टेबलाभोवती एवढे नट आणि प्रेक्षक एकटी ज्ञानदा. "व्हाय इज एव्हरीबडी बीइंग सो नाइस?"

ठरवलं, निदान माझं ओझं तरी उतरवू. आज रीत म्हणून नव्हे, जोर लावून म्हणालो, "हेमू, मला खरंच लांज्याला जायचंय रे. इथे जीव रमत नाही. तुझ्या आईनं लावलेली अनंताची कलमं वाट बघत असतील." आवाज छान लागला होता. हेमूच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. नीलांबरीनं त्याच्याकडे बघितलं.

सुटल्यासारखं वाटलं असेल बिचाऱ्याला. जेवणात मन लागलं नाही. अनंताची कलमं गेल्याच वर्षी मेली.

१८ जुलै

यानाला निरोपाची कविता लिहायला घेतली होती, जमत नव्हती. आज दोन ओळी आल्या:

किती पाहिल्या पहाटवेळा एका दिवसाठायी!
उतर पाखरा, मीट पंख ते, घरटे वाटचि पाही.

वर एका दिवसात सोळा वेळा उजाडतं. वृत्त बरं बसलंय. घरट्याचं मात्र सांगता येत नाही. उतरल्यावर यान वस्तुसंग्रहालयात ठेवणार आहेत म्हणे.

१९ जुलै

सकाळी यान स्टेशनापासून सुटलं. संध्याकाळी हेमू, ज्ञानदा आणि मी गच्चीवर गेलो, दिसलं तर बघावं म्हणून. धूळ इतकी की एक चांदणीसुद्धा नाही. तरी अर्धा तास मान वर करून उभे होतो. ज्ञानदानं माझा हात धरला होता. परत खाली यायची घाई कोणालाच नव्हती.

२१ जुलै, गुरुवार

उतरलं. आमच्याकडे दुपारचा एक. कामाचा वार, पण हेमू घरी. आता त्यानं उन्हाळी वेळेचंही नाव काढणं सोडलंय.

तिकडे अजून पहाटेचा काळोख होता. चाकं टेकली, यान धावत धावत थांबलं. मग बातम्यांत सांगितलं, आता तिथल्या हजारो लोकांची नोकरी जाणार. नीलांबरीनं टीव्ही बंद केला.

मला राहवलं नाही. उभा राहिलो, मूठ तोंडासमोर धरली आणि स्टँडावरच्या आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. दोह्याहून लांज्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागली आहे. प्रवासी चार. फ्रिज वरच्या टपावर. कोणाची नोकरी खाली राहिली असल्यास तिची काळजी करू नये, महामंडळ दुसरी देईल."

हेमू असा हसला की खुर्चीवरून घसरला. "बाबा, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या फ्रिजनं."

नीलांबरी हसता हसता रडायला लागली. हेमू काहीतरी सांगू बघत होता, पण त्याला पुन्हा हसू फुटायचं. शेवटी ज्ञानदानं दोनदा तोंडानं घंटी वाजवली — डबल बेल मीच शिकवली होती — आणि नीलांबरी शिरा करायला उठली. नाटक संपलं. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. चौघं आहोत, मग कौलं शाकारून घेता येतील. टोप नको.

२२ जुलै, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी हेमू शेजारी येऊन बसला. म्हणाला, "बाबा, काल हसण्यात सांगायचं राहिलं. मला कोणी काढलं नाही. कंपनी अजून दोन वर्षं ठेवत होती. मीच राजीनामा दिला, सगळं ठरलं की सांगणार होतो. तुम्ही रोज निघतो निघतो म्हणता, लांज्याशिवाय दुसरा विषय नाही. तुमचा जीव तिकडे, आणि मी काय इथे बांधून ठेवू तुम्हाला? एकटं तर पाठवणार नव्हतोच. म्हणूनच तुमच्या व्हिसाचा अर्ज केला नाही."

कप खाली ठेवला. तोंडून निघून गेलं, "छे, एवढ्यात कुठे!"

"आता आग्रह नको, बाबा," हेमू हसून म्हणाला. "तिकिटं काढली आहेत."