जोखीम क्रमांक अठ्ठेचाळीस

जाफराबाद, सोमवार

ती. भुजंगराव दाजी यांच्या सेवेशी,

राधेश्यामचा साष्टांग दंडवत. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. हे एक वाक्य सोडलं तर बाकीचं पत्र खरं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आष्टीच्या बाजाराला पायी जाऊ नका, आक्काचं ऐकत जा. (फोनच केला असता, पण आक्का फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापते, आणि हा विषय गल्लीभर जाण्यासारखा नाही.) वाचून झालं की पत्र चुलीत घाला. चूल नसेल पेटलेली तर फाडा, पण बारीक फाडा.

विषय आपल्या अर्पिताच्या लग्नाचा आहे. सोयरीक तुम्ही जमवली, जालन्याचं घर तुम्ही पाहिलं, म्हणून मी घाबरलोय हे पहिल्यांदा तुम्हालाच कळवतो. मुलगा हरिओम चांगला, व्याह्यांचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना चांगला, तारीख पुढच्या महिन्याची एकवीस. मागच्या सोमवारपर्यंत मला दोन वेळा जेवण जात होतं.

अर्पिता घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या कामात तिने एक फळा बनवलाय. (ती त्याला टूल म्हणते. मी एकतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, मला तो स्टँडवरचा फळाच दिसतो.) शेअर बाजारात कोणत्या कंपन्या नव्याने यायच्या आहेत, ते हा फळा रोज आपोआप गोळा करतो. कोणाचे कागद दाखल झाले, कोणाला मंजुरी मिळाली, शेअरची विक्री कधी उघडणार, बाजारात नाव कोणत्या दिवशी लागणार, आणि कोण आयत्या वेळी मागे फिरलं. म्हणजे गाडी येणार, आली, सुटली, रद्द. मला तो इतका आवडला की सकाळी चहा घेऊन मी त्याच्यासमोरच बसायचो आणि आमच्या उषाबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचो. (नोकरीत असताना गाडीचं तोंड फाटकात दिसल्याशिवाय मी कधी घोषणा केली नाही. लोक मला भित्रा म्हणायचे, पण माझी एकही घोषणा खोटी गेली नाही.)

मंगळवारी त्या फळ्यावर आपल्या व्याह्यांची कंपनी लागली. दाजी, ऊर भरून आला. उषाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी कौतुकाने नावावर बोट ठेवलं, तर आतून चारशे बारा पानांचा मसुदा उघडला. होता इंग्रजीत, पण हल्ली फोन मराठी करून देतो. त्यात एक प्रकरण निघालं, जोखमीचं. सत्तेचाळीस कलमं, आणि सगळी व्याह्यांनी स्वतःच्या सहीने स्वतःविरुद्ध लिहिलेली! पाऊस कमी पडला तर आमचा धंदा बसेल. पाऊस जास्त पडला तरी बसेल. (मग चालतो तरी केव्हा?) कारखान्याची जागा भाड्याची आहे, मालक केव्हाही उठवू शकतो. तुम्हाला तर घरची जागा म्हणून सांगितलं होतं ना? कलम एकोणीस: आमचे संचालक हरिओम कधीही सोडून जाऊ शकतात, त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळेलच असं नाही. कलम सव्वीस: आज असलेले संबंध पुढेही तसेच राहतील याची हमी देता येत नाही. हे वाचून माझा चहा बशीतच राहिला. आणि शेवटी लिहिलंय की घातलेलं सगळं बुडू शकतं, तेव्हा बुडालं तरी चालेल एवढंच घालावं. दाजी, मी एकुलती एक पोरगी घालतोय. बुडाली तरी चालेल अशी दुसरी कुठून आणू?

पोरीला आडून आडून विचारलं.

"बाबा, कायद्यानं लिहावंच लागतं. समद्याच कंपन्या लिहून राह्यल्या."

"म्हंजे खोटं हाय का?"

"न्हाई, बिलकुल खरं असतं."

"मंग?"

"मंग काय? वाचायचं आन् आपलं आपण ठरवायचं."

याने धीर येतो का, तुम्हीच सांगा. मी मग बाकीच्या कंपन्यांचे मसुदेही वाचले, सगळीकडे तेच. म्हणजे आता जगात एकही सुरक्षित घर उरलं नाही. शिवाय दुसरीच भीती बसली. आपण व्याह्यांना दिलेला मुलीचा बायोडाटा एका पानाचा, 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष', आणि जोखीम एकही नाही. (तिचा स्वभाव तुम्ही जाणता, आणि स्वयंपाकात तिला फक्त उपीट येतं.) तीन वर्षांपूर्वी अंबडचं स्थळ ठरून मोडलं, अंबडकरांनी ऐनवेळी नाही म्हटलं, हेही आपण सांगितलं नाही. उद्या त्यांना कळलं तर लबाड कोण ठरेल?

तेव्हा हात जोडून विनंती की तुम्ही जालन्याला जावं आणि काहीही कारण काढून तारीख चैत्रापर्यंत पुढे ढकलावी. गुडघ्याचं कारण चालेल. आक्काला नमस्कार.

आपला,
राधेश्याम

ता. क. — जालन्याला जाऊ नका. पाकीट चिकटवायच्या आधी एक गोष्ट लिहितो, जी उषाबाईंनाही ठाऊक नाही. अंबडकरांनी नाही म्हटलंच नव्हतं. साखरपुड्याच्या चार दिवस आधी मी असाच घाबरलो आणि मीच फोन करून नाही सांगितलं. मग घरी येऊन अंबडकरांना शिव्या दिल्या, तुम्हीही माझ्याबरोबर दिल्या. गाडी फाटकातून आत आलेली होती, दाजी. ती मी रद्द केली. तेव्हा पोरगी आठ दिवस नीट जेवली नव्हती, आणि मी तिची समजूत काढत होतो. याची मला फार लाज वाटते.

आणखी एक ता. क. — वरचा ता. क. का लिहिला तेही सांगून टाकतो. पत्र काल रात्रीच लिहून झालं होतं. आज सकाळी तो फळा वाचता वाचता अगदी खाली गेलो. तिथं पोरीने गमतीने स्वतःची एक ओळ घातलीय. नाव: अर्पिता आणि हरिओम. तारीख: एकवीस. स्थिती: येणार. आणि शेवटी जोखमीचा एक जादा रकाना, त्यात एकच शब्द आहे, 'बाबा'. म्हणजे अंबडचं कोणी मोडलं हे तिला ठाऊक आहे, आणि तीन वर्षं ती मला एका शब्दाने बोलली नाही.

पुढच्या बुधवारी मी आष्टीला येतो, तोवर पत्र पोचेल. वाटेत जालन्याला गाडी बदलावी लागते, तर तुम्ही दुखऱ्या गुडघ्याने का होईना, जालन्याच्या स्टँडवर येऊन उभे राहा आणि मला व्याह्यांच्या घराकडे वळू देऊ नका. माझा फोन काढून घ्या आणि एकवीस तारखेपर्यंत आक्काच्या पिठाच्या डब्यात ठेवा. मी कितीही गयावया केली तरी देऊ नका. गाडी येतेय, दाजी. मला फाटकापासून लांब ठेवा.