केर कोणाचा

५ डिसें.
धसईचा बाजार, म्हणून सकाळपासून गिरणीवर रांग. लोक भात भरडून घेतात आणि त्याच फेरीत मिरच्या-कांदे आणतात. प्रकाश भावजींनी कल्याणच्या व्यापाऱ्याचा विषय परत काढला. (ह्यांच्या मागे गिरणी निम्मी माझी, निम्मी भावजींची. अक्कल सगळी आपलीच, असं त्यांना वाटतं.) व्यापाऱ्याला अख्खा हंगाम गिरणी फक्त त्याच्या मालासाठी हवी. दोन गोण्या घेऊन येणाऱ्यांना दार बंद.
"बघू" म्हटलं. घरात मी "बघू" म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही' धरतात, भावजी 'हो' धरतात.

८ डिसें.
वैशाखरे गावचे गणपतभाऊ कुरकुरले. एकाचं भात निघालं की आमची कामाची बाई कमल मशीन थांबवून आतलं झाडते, मगच दुसऱ्याचं घालते. झाडून निघालेला केर, म्हणजे दाणे, कणी, तिचा. मामंजींच्या वेळेपासून असंच. कोणी काही बोललं नव्हतं.
भाऊ म्हणाले, "भात आमचा, नि केर हिचा कसा? मुद्दाम ठेवते आत जास्ती."
कमल तिथेच उभी होती. सूप आपटून बाहेर गेली. मी काहीच बोलले नाही. गिऱ्हाईक होतं समोर.

९ डिसें.
निर्णय घेतला. केर ज्याचा त्याला परत. कमलचा पगार वाढवायचा. म्हणजे गिऱ्हाईक खूश, कमलचं नुकसान नाही, भावजींना बोलायला जागा नाही. खडूने फळीवर लिहिलं. दिवसभर स्वतःवर खूश होते.
कमलला सांगितलं तर "बरं" म्हणाली. एवढंच.

१२ डिसें.
वाईट दिवस.
गणपतभाऊ मुलीच्या साखरपुड्यासाठी झिनीचं बारीक भात घेऊन आले. त्यांच्या आधी कोणाचं तरी लाल जाडं निघालं होतं. मशीन न झाडता भाऊंचं भात घातलं गेलं. पांढऱ्याशुभ्र झिनीत लाल दाणे, पहिली गोणी सगळी तशीच. भाऊ मूठ भरून नुसते बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पाव्हण्यांना हा भात वाढू का मी?" एवढंच विचारलं.
कमलला विचारलं, झाडलं का नाही?
"तो केर माझा नाय ना आता. मग मी कशाला हात लावू? परत चोर म्हणाल."
"मी कधी म्हटलं चोर?"
"तुमी नाय म्हटलं. तुमी गप ऱ्हायलात."
खरंच होतं. रात्रीच्या भाकरीला बसले तरी तेच कानात.

१३ डिसें.
कमल आली नाही. भाऊंना घरातली आमची झिनी दिली, बदली म्हणून. घेतली, पण चहा घेतला नाही.

१४ डिसें.
आजही नाही. मीच झाडते आहे. वाकून, मशीनच्या पोटात हात घालून. कोपरापर्यंत कोंडा, नाकात कोंडा. इतकी वर्षं दारातल्या खुर्चीवरून हे काम दोन मिनिटांचं वाटायचं. भाऊंचं म्हणणं तपासायला मुद्दाम बघितलं: कितीही झाडलं तरी जेमतेम सुपाचा तळ झाकतो. ठेवायचं म्हटलं तरी आत जास्त राहत नाही.
भावजी म्हणाले, "म्हणून सांगतो वहिनी, एकच माल, एकच मालक. झाडायचं नाय, भांडायचं नाय. रविवारी त्याला होकार कळवतो."
तेही चुकीचं नाही. भावजींनाही दोन मुलं शिकवायची आहेत. मला राग आला तो ते बरोबर बोलले म्हणून.

१६ डिसें.
कमलकडे निरोप धाडला. उत्तर नाही. स्वतः जायला हवं होतं. कामाचं निमित्त काढलं. तिच्याशिवाय गिरणीत करमत नाही, हे इथे लिहिते, बाहेर कोणाला सांगणार नाही.

१९ डिसें.
बाजार. रांगेत कमल. डोक्यावर गोणी. दुसऱ्याच्या जमिनीत अर्धेलीने, निम्म्या वाट्यावर, केलेल्या तुकड्यातलं भात. पदर खोचून, बाकीच्यांसारखीच नंबर धरून उभी. रांगेत मागे गणपतभाऊ. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.
तिचा नंबर आला. मशीन झाडून घेतलं, मग तिचं भात घातलं. सगळे करतात तसा तिनेही तांदूळ पडतो तिथे हात धरला, दाणा चावून बघितला. माझ्याकडे नाही बघितलं.
निघाल्यावर परत मशीन झाडलं. सुपात कणी आणि थोडे दाणे. फळीवरच्या नियमाने ते तिचे. तिच्या गोणीत ओतायला गेले तर तिने गोणीचं तोंड मुठीत आवळलं.
"ऱ्हाऊ द्या. झाडलं तुमी."
सूप हातात घेऊन मी उभी. गणपतभाऊ पुढे आले, त्यांनी उपरण्याने फळीवरचा नियम पुसून टाकला आणि परत रांगेत जाऊन उभे राहिले.
कमलला म्हटलं, "उद्या येशील?"
"बघू," म्हणाली. गोणी डोक्यावर घेतली आणि गेली.

२० डिसें. रविवार.
भावजी फोन घेऊन ओटीवर बसलेत, मी काय म्हणते त्याची वाट बघत. गिरणी उघडली आहे. कालचं कणीचं सूप दारात तसंच ठेवलंय, झाकून. मी रस्त्याकडे बघते आहे.