हँडल कापण्यापूर्वी टेप मोजण्याबाबत

दिनांक : १९, बुधवार

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय, पहिला मजला,
बंद पंख्याच्या शेजारची खोली.

विषय : जप्त मोटारसायकलचे हँडल येत्या शुक्रवारी कापले जाऊ नये, व ते ज्या टेपने मोजले ती टेप त्याआधी कोणीतरी मोजावी, याबाबत.

संदर्भ : १) आपले जप्तीचे पत्र, ज्यात हँडलची उंची ‘नियमबाह्य’ ठरवली आहे.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांवर कपाच्या गोल डागाखेरीज आपल्याकडून काहीही उमटलेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी मोटारसायकलची हँडले माणसाच्या मापाने वाकवून, उचलून बसवणारा कारागीर असून हे काम गेली एकतीस वर्षे करीत आहे. गिऱ्हाईक मला हँडलदादा म्हणते. आपल्या कार्यालयात मला ‘आला का परत’ म्हणतात. दोन्ही नावांना मी ओ देतो.

१. सदर मोटारसायकल माझ्या थोरल्या बहिणीची आहे. ती परिचारिका असून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बदलते. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसेही तिला ताईच म्हणतात. माणसे उचलून उचलून तिचा उजवा खांदा आखडला आहे. कारखान्यातून आलेले हँडल धरण्यासाठी तिला पुढे ओणवे व्हावे लागे. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बोटांना मुंग्या येत व कात्री थरथरू लागे. एकदा पट्टी कापताना कात्रीचे टोक एका म्हाताऱ्या मास्तरांच्या पाठीला लागले. ताई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दुकानापुढे लावून म्हणाली, एक तर हँडल बदल, नाहीतर मला बदल.

२. माझ्या कामाची रीत साधी आहे. गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीवर बसवतो, डोळे मिटायला सांगतो आणि म्हणतो, समोरून कोणी भरलेले ताट देतंय, घ्या. त्याचे हात जिथे आपसूक थांबतात तिथे मी खूण करतो. हँडलने तिथवर यायचे. माणसाने हँडलकडे जायचे नाही. त्याप्रमाणे ताईच्या गाडीचे हँडल मी तीन सेंटीमीटर उचलले व मुठी चार बोटे मागे घेतल्या. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. मूठ टाकीला घासत नाही, गुडघ्याला लागत नाही, केबल ताणत नाही. ताई चौकातून फेरी मारून आली व म्हणाली, आता ही माझं ऐकते, तुझ्यासारखी नाही. थोरली बहीण शाबासकी देते ती अशीच.

३. नियमानुसार हँडलची जमिनीपासूनची उंची नोंदीपेक्षा पाच सेंटीमीटरपर्यंत जास्त चालते. नोंदणीपुस्तकातील उंची एकशेचार. माझ्या कामानंतर ती एकशेसात झाली. आपल्या निरीक्षकांनी आवारात मोजली ती एकशेतेरा भरली. नऊ सेंटीमीटर जास्त, सबब गाडी जप्त. आज एकोणीस दिवस गाडी मागच्या भिंतीला टेकून उभी आहे व कबुतरे तिचा उपयोग करीत आहेत.

मोजणीच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. आपल्या टेपला सुरुवातच नाही. कात्रीने सरळ कापलेली कड आहे आणि त्यापुढे पहिला आकडा दिसतो तो सात. पहिले सहा सेंटीमीटर गायब आहेत. मी हात जोडून म्हणालो, साहेब, टेप तुटकी आहे. निरीक्षक म्हणाले, टेप प्रमाणित आहे, प्रमाणपत्र वर भिंतीवर आहे. मी वर जाऊन पाहिले. चौकट सुंदर आहे. प्रमाणपत्र पाचशे सेंटीमीटरच्या टेपचे असून ते काचेत असल्यामुळे पूर्ण राहिले आहे. टेपला काच नव्हती.

४. माझ्या पहिल्या अर्जावर मला तोंडी सांगण्यात आले की, अर्जदाराने स्वतःची टेप पडताळणीसाठी आणावी. मी आणली. आपल्या कारकूनबाईंनी माझी टेप आपल्या टेपने मोजली. माझी तीनशेची टेप तीनशेसहा भरली. सबब माझी टेप सदोष ठरून जप्त झाली. दुसऱ्या अर्जासोबत मी समोरच्या दुकानातून शाळेची नवीकोरी पट्टी आणली, तीस सेंटीमीटरची. ती छत्तीस भरली. बाई हळहळून म्हणाल्या, हल्ली मालच असा येतो. पट्टीही जमा झाली. दोन्हींच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. पावत्या मात्र अगदी वेळेवर व स्वच्छ अक्षरात मिळाल्या, हे आपल्या कार्यालयाच्या बाजूने नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

५. तिसऱ्या खेपेस मी निरीक्षकसाहेबांना विनंती केली की, त्यांनी स्वतःचीच उंची मोजून पाहावी. नोकरीला लागताना त्यांची उंची एकशेपासष्ट नोंदलेली आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, शिपाईमामांनी टेप धरली, उंची एकशेएकाहत्तर. मला वाटले, आता तरी उजेड पडेल. साहेबांनी छाती काढून पुन्हा मोजायला लावली व म्हणाले, आणि घरी मला बुटका म्हणतात. त्या दिवशी वरची खिडकी उघडायला त्यांनी स्टूल घेतले नाही. हात पोचला नाही. खिडकी फार वर बसवली आहे, अशी नोंद करावी म्हणाले.

मी ज्या बुवांच्या कीर्तनात मागे उभा राहून झांज धरतो, ते निरूपणात म्हणतात, आंधळ्याला दिसत नाही ते त्याचे प्रारब्ध. पण ज्याला देवाने दोन्ही डोळे दिले आणि जो कामावर येताना ते घरी ठेवून येतो, त्याला काय म्हणावे? इथे बुवा थांबतात आणि आम्ही झांज वाजवतो, कारण पुढचा शब्द कीर्तनात उच्चारण्यासारखा नसतो. अर्जातही तो लिहिता येत नाही. तरी इथे झांज वाजली असे आपण समजून घ्यावे.

६. इथवर पूर्वरंग झाला. आपल्या पत्रानुसार शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सदर हँडल कापून कारखान्याचे मूळ हँडल बसवले जाणार आहे. मूळ हँडलची उंची एकशेचार. आपल्या टेपने ती एकशेदहा भरेल. नियमाची मर्यादा एकशेनऊ. म्हणजे आपण स्वतः बसवलेले हँडलही त्याच क्षणी नियमबाह्य होईल व आपल्यालाच ते पुन्हा जप्त करावे लागेल. जमिनीत खड्डा खणून गाडी त्यात उभी केल्याशिवाय कोणतेही हँडल आपल्या कार्यालयात कायदेशीर ठरू शकत नाही.

हे केवळ तोंडाची वाफ दवडणे नव्हे. पत्र्याच्या शेडखाली आपली स्वतःची मोटारसायकल उभी असते. ती ताईच्या गाडीच्याच जातीची असून कारखान्यातून निघाली तशीच आहे. टेप आपली, आवार आपले, टोक धरणारे शिपाईमामा आपले. तिच्या हँडलची उंची मोजली, भरली एकशेदहा. आपली गाडी बेकायदेशीर आहे हे मी बाहेर कोणाला सांगितलेले नाही. शिपाईमामांची हमी मी घेऊ शकत नाही.

त्याच शेडच्या कोपऱ्यात कापलेल्या हँडलांचा ढीग आहे. त्यातली काही माझ्या हातची आहेत. माझी वाकण मी ओळखतो. ज्यांच्या हातांच्या मापाची ती होती ती माणसे आज कुठेतरी ओणवी होऊन गाडी चालवत असतील आणि पाठ दुखली की वयाला दोष देत असतील. दोष वयाचा नाही हे त्यांना कळवण्याची आपल्याकडे पद्धत असल्यास कळवावे.

७. ताई आता बसने जाते. नऊ घरांपैकी पाच होतात. बसच्या मार्गावर नसलेल्या चारांत ते मास्तर आहेत. त्यांच्या सुनेने उशीच्या अभ्र्याची पट्टी करून बांधली आणि जखम चिघळली. परवा ताई तिथे चालत गेली, पाऊण तास. आल्यावर मी आपल्या कार्यालयाबद्दल तोंड उघडले तर मलाच म्हणाली, साहेबांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं नसेल रे, त्यांना कसं कळणार. आणि नसूच दे कोणी. ताईचे मन असे आहे. माझे तसे नाही. देव सर्वांभूती आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलो व मानत आलो. आपल्यात तो नेमका कुठे बसला आहे हे पाहण्यासाठी मी आपल्या कार्यालयात अकरा वेळा येऊन गेलो.

८. अकराव्या खेपेस, म्हणजे परवा सोमवारी, शोध लागला. देवाचा नव्हे. मी आपल्या टेबलापुढे उभा होतो व आपण मान वर न करता सह्या करीत होता. माझ्या हातातले पेन पडले. मी खाली वाकलो. आपल्या टेबलाच्या पुढच्या डाव्या पायाखाली पिवळ्या पट्टीची घडी घातलेली आहे. घडीच्या वरच्या पदरावर चार आणि पाच हे आकडे स्पष्ट वाचता येतात. एका बाजूला पितळी आकडी आहे व दुसऱ्या बाजूला कात्रीने सरळ कापलेली कड.

टेबल डुगडुगू नये यासाठी योजलेला उपाय उत्तम आहे. टेबल जराही हलत नाही. त्याचा मोबदला म्हणून आवारात उभी राहणारी प्रत्येक गाडी सहा सेंटीमीटर वाढते, एवढेच.

तो तुकडा मी काढलेला नाही. कोणी कापला हेही मी विचारीत नाही. मी तो ओढला असता तर टेबल कलंडून आपला चहा सांडला असता, आणि ताईची फाईल टेबलाच्या त्याच कडेला आहे.

तरी नम्र विनंती की, (अ) सदर तुकडा टेपच्या टोकाला धरून गाडीची उंची आपल्यासमक्ष पुन्हा मोजावी. (आ) तोवर हँडलला कोणीही हात लावू नये. (इ) उंची एकशेसात भरल्यास गाडी त्याच दिवशी, आहे त्या हँडलसह, ताईच्या ताब्यात द्यावी, म्हणजे ती दुपारी मास्तरांकडे पोचेल. (ई) माझी टेप व शाळेची पट्टी निर्दोष ठरवून परत करावी. उंची एकशेसातपेक्षा अर्धा सेंटीमीटरही जास्त भरल्यास हँडल मी माझ्या हाताने कापून देईन व एकतीस वर्षांचे दुकान बंद करीन.

आपल्यासमोर अकरा वेळा वाकूनही पाठ शाबूत असलेला,

(सही)
हँडलदादा

सोबत :
१) ताईच्या नोंदणीपुस्तकाची प्रत.
२) जप्त टेपची पावती.
३) जप्त पट्टीची पावती.
४) मास्तरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. पट्टी एक दिवसाआड बदलणे आवश्यक, असे तीत लिहिले आहे.
५) लाकडी पाचर, एक नग. सागवानी, कडा घासून दिलेली. टेपचा तुकडा काढताना आधी ही टेबलाच्या पायाखाली सरकवावी. जाडी मी अंदाजाने घेतली आहे, कारण माझी टेप आपल्याकडे आहे; तरी ती बरोबर बसेल.