वाळूच्या ढिगावरची नात

आप्पा,

तुम्ही मेंढरं भावकीत सोपवून, आठ दिवस लेकीकडे राहायचं म्हणून केंदूरहून आला होतात आणि तिसऱ्याच दिवशी दुपारच्या एसटीने परत गेलात. शेतात काम निघालं म्हणून गेले, असं मी घरात सांगितलं. ते खोटं होतं, आणि तुम्ही कुणाजवळ ते खोडून काढलं नाहीत.

रांजणगावची आमची ती पहिल्या मजल्यावरची खोली. जिन्याला कठडा नाही, नवरा कंपनीत फर्स्ट शिफ्टला. मी स्वयंपाकाला लागले की सव्वा वर्षाच्या लेकीच्या कमरेला जुनी साडी बांधायची आणि तिचं दुसरं टोक कॉटच्या पायाला. पोर किती शांत आहे, असं शेजारणी म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं. तिच्या वयाची पोरं चालत होती; ती धरूनही उभी राहत नव्हती. तुम्ही आल्या आल्या ती गाठ पाहिलीत, खाली बसून सोडवलीत आणि मग म्हणालात, "कोकरू जल्मल्यापास्नं बांधून ठिवलं तर त्याला पाय हायेत हेच कळत न्हाई. पडू दी तिला. पडल्याबिगर तोल येत न्हाई."

सकाळी तुम्ही तिला खाली बांधकामाच्या वाळूवर नेता. ती रांगत चढते, घसरते, तोंडात वाळू जाते, पुन्हा चढते. तुम्ही हात न लावता शेजारी उकिडवे बसलेले. तिसऱ्या दिवशी घरमालकीण शेजारणींसोबत गॅलरीत उभी होती, ती हसत म्हणाली, "काय आजोबा, नात चरायला सोडली व्हय?" तुम्हीही हसलात. "व्हय, लई दिस बांधून हुती."

माझं बांधणं असं चारचौघींत उघडं पडलं. मी तरातरा जिना उतरले, लेकीला उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणसाची लेक आहे ती, आप्पा. तुमचं मेंढरू नाही." तुम्ही तिच्या गुडघ्यांवरची वाळू झटकलीत आणि पिशवी घ्यायला वर गेलात.

साडी मी पुन्हा बांधली नाही. दाराला आडवी फळी लावली, आणि दुपारी घरमालकीण झोपली की लेकीला वाळूवर नेत राहिले. दीड महिन्यात ती चालली. तुम्हाला कळवलं नाही; कळवणं म्हणजे तुमचं खरं झालं हे कबूल करणं. केंदूरहून इकडे येणाऱ्या दूधवाल्याकडून तुम्हाला समजलं म्हणे. त्याच वर्षी तुम्ही कायमचे गेलात.

आता यवतजवळ मी अंगणवाडी चालवते. आयांना सांगते, पाटी-पेन्सिलीची घाई करू नका. पोरांना चढू द्या, लोंबकळू द्या, बांधावरून चालू द्या. दंडात जोर आला की बोटांत येतो, आणि पडून उठलेलं पोर नव्या गोष्टीला भीत नाही. गेल्या आठवड्यात एका आईने विचारलं, बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हणाले, ट्रेनिंगमध्ये. आप्पा, तिचा सासरा अजून मेंढरं राखतो. नातवाला न्यायला तो दारातच उभा होता, तरी तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.