आपोआप बंद पडण्याची कारणे

३ मार्च
संगणकाची जोडणी पूर्ण. दादा म्हणत होता, दुकानातून तयार आण, नसती उठाठेव करू नकोस. परंतु जिने शाळेत कधी एकही प्रश्न ऑप्शनला टाकला नाही, तिला चार स्क्रू आणि एक पंखा जड जाऊ नयेत. माहितीपुस्तिका दोनदा वाचून महत्त्वाच्या ओळी पेन्सिलीने अधोरेखित केल्या. प्रोसेसर बसवला, त्यावर राखाडी पेस्ट लावली, वर त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कुलर घट्ट आवळला. कुलरच्या बुडाला पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेले होते, ते जपून तसेच ठेवले. ‘वापरण्यापूर्वी काढावे’ असे त्यावर इंग्रजीत लिहिले होते खरे. पण तसे आमच्या फ्रिजच्या दारावरही लिहिलेले आहे, आणि फ्रिज मी सातवीत असल्यापासून उत्तम चालतो. आमच्या घरात नव्या वस्तूचे प्लॅस्टिक काढत नाहीत. अपवाद वहिनीचा. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने टीव्हीच्या रिमोटचे काढून टाकले. आईने त्यानंतर कित्येक दिवस रिमोटला हात लावला नाही.

बारा तारखेला मुलाखत आहे. दूरच्या शहरातले मोठे ग्रंथालय, पुस्तकांची सूची करण्याचे काम. मुलाखत संगणकावरून, कॅमेऱ्यासमोर. मोबाईल चालणार नाही असे त्यांनी स्पष्ट कळवले आहे. दिवसभर पुस्तके, आणि बोलायला कोणी नाही. आयुष्याकडून यापेक्षा अधिक मी काही मागितलेले नाही.

मी घाबरलेली नाही.

४ मार्च, सकाळ
बाबांना बोलावून संगणक दाखवला. ते कौतुकाने म्हणाले, वा, हात लावू का? तेवढ्यात बंद पडला. बाबांनी हात झटकन मागे घेतला, ‘मी काही केलं नाही हं’ असे आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, आणि चपला अडकवून बाहेर निघून गेले.

काळ्या पडद्यातून एक मुलगी माझ्याकडे बघत होती. बरीच घाबरलेली वाटली. ती मीच, हे कळायला थोडा वेळ लागला.

५ मार्च
दोष विजेच्या दाबाचा असणार. कारण वहिनीचा मिक्सर. तिला तसे सांगण्याचा निश्चय केला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आले. नंतर आईकरवी निरोप धाडला. वहिनी थेट खोलीत आली आणि म्हणाली, ‘वन्सं, मला सांगायला आईंना कशाला मध्ये घालता? मी काय चावते?’ मी ‘नाही’ म्हणाले. म्हणजे मान हलवली.

दिवसभर मिक्सर बंद. संगणकही बंद. तीनदा, आपोआप.

६ मार्च
आज रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या. सगळ्या केबली उपटून पुन्हा खोचल्या. वीस मिनिटे चालला. आनंदाने आईला हाक मारायला तोंड उघडले, तर बंद.

तोंड उघडले नसते तर?

७ मार्च
मुलाखतीची तालीम. पलीकडच्या खोलीतून दादाने व्हिडिओ कॉल लावला आणि जाडा आवाज काढून म्हणाला, ‘स्वतःबद्दल सांगा.’ मी मनात वाक्य रचत होते. कर्ता, कर्म, सगळे जागेवर आले, ओठ विलग झाले, आणि पडदा काळा. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. भिंतीपलीकडून दादा ओरडला, ‘अगं, तुझ्या आवाजाला भ्यायलं ते!’

शाळेच्या तोंडी परीक्षेत बाई म्हणायच्या, हिला सगळं येतं, हिला काय विचारायचं. मी जागेवर बसायचे आणि गुण मिळायचे. इथे मात्र ग्रंथालयाला लेखी परीक्षा का घ्यावीशी वाटू नये?

पडदा काळा झाला की छातीतले काहीतरी सैल होते. अर्थात हे समाधान निरीक्षण अचूक ठरल्याचे आहे, दुसरे कसले नाही.

९ मार्च, दुपार
संगणकाच्या पेटीतून गरम वास. धातूला बोट लावले, चटका बसला. आग लागेल काय? पाण्याची बादली आणून ठेवली. आईने खोलीतले शिवणयंत्र आणि माझी प्रमाणपत्रे बाहेर नेली. मी दारात उभी राहून झाडूच्या दांड्याने बटण दाबले. पंखा असा घोंगावला की मी झाडू टाकून स्वयंपाकघर गाठले. आई म्हणाली, ‘बाई गं, नको ती नोकरी.’ मी इतक्या चटकन ‘बरं’ म्हणाले की तीच माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी ग्रंथालयाला पत्र लिहिले: तांत्रिक अडचणीमुळे उपस्थित राहणे अशक्य, तरी क्षमस्व. फार सुरेख उतरले होते. शेवटचा पूर्णविराम दिला आणि संगणक बंद पडला. न पाठवलेले पत्र गेले ते गेलेच.

११ मार्च
वहिनी पाय न वाजवता आली. पेटीची बाजू उघडीच होती. कुलरखालून प्लॅस्टिकची कड चकाकत होती, तिच्यावर वहिनीची नजर खिळली. म्हणाली, ‘वन्सं! इथेसुद्धा?’ दारातून आई म्हणाली, नव्या वस्तूचं काढायचं नसतं गं. त्यावर वहिनी: ‘आई, हा बिचारा प्रोसेसर तापतोय, त्याची आग वरच्या पंख्यापर्यंत पोचायची, आणि तुम्ही मध्ये रेनकोट घातलाय!’

कुलर सोडवला. टर्रर्र. आईने डोळे मिटून घेतले.

जुनी पेस्ट पुसली, उरलेली लावली, पुन्हा आवळले. तेव्हापासून संगणक चालू आहे. दादाने त्यावर तोफा-बंदुकांचा खेळ खेळून पाहिला, तरी चालू. बाबांनी हात लावला, तरी चालू. घरात आनंदीआनंद. वहिनीने मला गदागदा हलवले आणि म्हणाली, ‘आता बोला बिनधास्त!’

मलाही आनंद झाला असावा. हात गार पडले आहेत, ते थकव्याने.

आता बंद पडायला काही कारण उरलेले नाही.

१२ मार्च, दुपार
कॉल पहिल्या झटक्यात लागला. समोर दोन गृहस्थ, मध्ये चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई. बाई म्हणाल्या, ‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’

मी पडदा काळा होण्याची वाट पाहिली. झाला नाही. सगळी वाक्ये तयार होती, कर्ता, कर्म, क्रियापद. संगणक शांतपणे गुणगुणत होता, इतका विश्वासू की रडू यावे.

मग हातात होते तेवढे केले. मुळीच हलले नाही. पापणीसुद्धा लववली नाही. एक गृहस्थ म्हणाले, अडकलं वाटतं. दुसरे हॅलो हॅलो करू लागले. इथपर्यंत सर्व व्यवस्थित चालले होते. इतक्यात बाई पडद्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, ‘चित्र अडकलं असेल, तर तिच्या मागे भिंतीवरचा पंखा कसा फिरतोय हो?’

दाराआड वहिनी तोंडात पदर कोंबून हसत होती. मी हसले नाही. अडकलेले चित्र हसत नाही.

बाईंनी चष्मा काढला. मग एकदम घरातल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, ‘सोमवारी परत बसू, बाळ. तेव्हा बोलशील ना?’

मी मान हलवली. हलवल्यावर लक्षात आले.

संकल्प: सोमवारी पंखा बंद ठेवायचा.