काळी चार

दि. ४ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझे फोन मी कापते म्हणून तू रुसली असशील, पण रुसू नकोस. घशाच्या डॉक्टरांनी तालमीखेरीज तोंड उघडायची बंदी केली आहे. दूधवाल्याशी मी हातवारे करून बोलते आणि तो बिचारा मला बहिरी समजून मोठ्यांदा ओरडतो. तेव्हा आता पत्रं. तुझं अक्षर मला तुमच्या लाँड्रीत कपड्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांवरून वाचता येतं, माझं तुला लागेल का ते देव जाणे.

बंदीचं कारण असं, की आपलं जुनं संगीत नाटक पुन्हा उभं राहतंय. ज्यात मी ऐन विशीत नायिका होते आणि दादा रोज पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरायचा, तेच. या खेपेला मी नायकाची आई! नवी दिग्दर्शकबाई भलती हुशार आहे. नायिकेचं गाजलेलं गाणं तिने या वेळी तिसऱ्या अंकात आईच्या तोंडी घातलंय. मुलगा घर सोडून निघालाय, आई ट्रंकेत त्याचे शर्ट भरते आहे आणि गाते आहे. वाचतानाच मला रडू आलं आणि लगेच भीतीही वाटली. वहिनी, पंधराएक वर्षं मी लोकांसमोर गायलेच नाही गं.

मालिकेचं म्हणशील तर मी करते त्या दुष्ट काकीला त्यांनी दोन महिने कोमात टाकलंय. पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून दुसरीच कुणीतरी पलंगावर निजते. नाटक पडलं तर काकी शुद्धीवर येणार आणि चाललं तर बाई कायमची जाणार, असं लेखकाने मला चहा पिता पिता सांगितलं.

वाद्यवृंदाच्या मास्तरांनी पट्टी विचारली. मी ठणकावून सांगितलं, काळी पाच. तेव्हा पेटीच्या ज्या पट्टीवर सूर लावत होते तीच. दादाने शिकवलेलं गाणं मी खालच्या पट्टीत गायले तर त्याला काय वाटेल? त्याला यातलं एवढ्यात काही सांगू नकोस. आवाज लागतोय असं वाटलं की मीच कळवीन.

बाकी क्षेम. लोभ आहे तो वाढवावा.

तुझी,
चिमणी

---

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका वकिलाच्या कोटाला वाफ देत होते. एका हातात इस्त्री, एका हातात पत्र. कोट थोडक्यात वाचला.

आधी गुन्हा कबूल करते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून तुम्ही मला गुपित सांगितलंत, म्हणजे निम्मा दोष तुमचाच. जेवताना मी सांगून टाकलं. तुमच्या दादांचा घास हातातच राहिला. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, की पट्टी कोणती. मी काळी पाच म्हटल्यावर मान हलवली, आणि उठून मागच्या खोलीत जाऊन पेटीवरची धूळ पुसत बसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते गल्ल्यावर बसतात खरे, पण गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतानाही मनात सरगम चालू असते. त्या दिवशी तर एकाच्या पँटी दुसऱ्याला दिल्या.

दुकानात तुमच्या कोमाने हाहाकार उडवलाय. टीव्हीसमोरच्या बाकावर संध्याकाळी जी मंडळी बसतात, ती मला तब्येत विचारतात. एक आजी रोज काकीला शिव्याशाप द्यायच्या, त्याच आता म्हणतात की शत्रूवरही अशी वेळ येऊ नये. मी गंभीर चेहरा करून सांगते, की डॉक्टर प्रयत्न करताहेत.

वन्सं, मला मात्र खरंच काळजी वाटते. मालिकेने तुम्हाला घर दिलं, रस्त्यात लोक ओळखतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका असं म्हणणार होते. पण तुमच्या अक्षरातला आनंद पाहून गप्प बसते. घशाला जपा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

---

दि. २६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू सांगून टाकलंस ते एक बरंच केलंस. दादाला कळलंय म्हटल्यावर आता माघार नाही.

तालमीत माझी फजिती ऐक. मालिकेत प्रत्येक वाक्यानंतर आम्ही थांबतो, डोळे मोठे करतो, कॅमेरा तोंडाजवळ येतो, मग तो बाकीच्यांच्या तोंडाजवळ जाऊन येतो, तोवर आपण श्वास रोखून उभं. इतक्या वर्षांची ती खोड कुठे जाणार? पहिल्याच प्रवेशात मी मुलाला जेवून घे म्हणाले आणि डोळे वटारून थांबले. माझा मुलगा झालेला नट घाबरला. त्याला वाटलं मला झटका आला, खुर्ची घेऊन धावला. सगळी मंडळी हसून लोटपोट. दुसरी खोड त्याहून वाईट. वाक्य चुकलं की माझा हात आपोआप वर जातो आणि मी म्हणते, पुन्हा घेऊ या. तिथे सेटवर दिवसभर तेच चालतं. दिग्दर्शकबाई म्हणते, नाटकात पुन्हा नसतं हो. मला का माहीत नाही? दादाचा तर नियमच होता. छप्पर कोसळो, गाणं सुरू झालं की थांबायचं नाही.

गाण्याचं काय सांगू. अंतऱ्यात तो वरचा सूर आहे ना, तिथे आवाज कधी लागतो, कधी फाटतो. मास्तर सज्जन आहेत. हळूच म्हणाले, एक पायरी खाली उतरू, काळी चार घेऊ, कुणाला कळणारही नाही. मी म्हटलं, पहिल्या रांगेत बसलेल्या एका माणसाला कळेल. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण वाजवताना माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी कठड्यावर चढले आहे.

तालमीचा हॉल छान आहे. उंच खिडक्या, लाकडी जमीन, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. सकाळी लवकर जाते आणि एकटीच गाते. ते पाऊण तास मी फार सुखात असते गं.

प्रयोग वीस मार्चला. दादाचं तिकीट सोबत पाठवते आहे, तुझंही. आठवण असू द्यावी.

तुझी,
चिमणी

---

दि. ७ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तिकिटं पोचली. त्या आठवड्यात एका हॉटेलच्या सगळ्या चादरी-पडद्यांचं काम अंगावर आहे, मशीन एकच आणि तीही खोकते. म्हणून तुमचे दादा एकटेच येतील. त्यांनी कोट आतापासूनच धुवायला दिलाय, आणि स्वतःच्या दुकानात चिठ्ठी लावून रांगेत ठेवलाय. असा नवरा मला मिळाला.

आता रागवा, पण बोलते. आमच्याकडे माणसं दर वर्षी कपडे आणतात आणि सांगतात, कमरेत सैल करा, बाह्या सोडा. कुणी लाजत नाही. उलट जो जुन्या मापाचा कोट हट्टाने घालतो, त्याचीच बटणं भर लग्नात तुटतात. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काळी चार म्हणजे काही चोरी नव्हे ना? हे मी तुमच्या दादांनाही विचारलं. तर म्हणाले, तिला काळी पाचच शोभते, तिचा सूर विजेसारखा यायचा. वन्सं, ते ज्या मुलीबद्दल बोलत होते ती विशीतली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे तुम्ही दोघं भावंडं. मध्ये माझा जीव टांगणीला.

फाटला आवाज तर लोक हसतील, दुसऱ्या दिवशी छापून येईल, आणि तुम्ही पुन्हा कधी गाणार नाही. मला भीती आहे ती याची. मालिका गेली तर गेली, कोटाला बटणं लावायला या.

कळावे. माझ्या बोलण्याचा राग धरू नये आणि लोभ सोडू नये.

तुमची,
वहिनी

---

दि. २२ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा घरी नीट पोचला का? काही बोलला का? तो मला न भेटताच गेला. शेवटी आम्ही सगळे वाकून उभे होतो तेव्हा मी पहिल्या रांगेकडे पाहिलं, तर त्याची खुर्ची रिकामी होती.

त्याने सांगितलं नसेल तर मीच सांगते. पहिले दोन अंक छान गेले. लोक ठिकठिकाणी हसले, एकदाही मी डोळे वटारले नाहीत. तिसऱ्या अंकात शर्टांच्या घड्या घालत गाणं सुरू केलं. धृपद चांगलं झालं. अंतऱ्यात वर गेले आणि आवाज फाटला. साधा नाही, चरचरीत, कापड फाटावं तसा. आणि वहिनी, माझा हात वर गेला. भरल्या नाट्यगृहात, हातात मुलाचा शर्ट घेऊन, मी म्हणाले, सॉरी, पुन्हा घेऊ या.

वाद्यं थांबली. इतकी शांतता, की दिव्यांची घरघर ऐकू येत होती. काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. विंगेत दिग्दर्शकबाईने तोंडावर दोन्ही हात ठेवले होते. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी बाई ओरडली, की काकी, सावकाश घ्या, आम्ही कुठे जात नाही. सगळे हसले. कुचेष्टेने नाही गं, घरच्यासारखे. मलाही हसू आलं. मी मास्तरांकडे बघून चार बोटं दाखवली. त्यांनी अशी मान डोलावली, जशी काही महिनाभर त्याचीच वाट बघत होते.

मग काळी चारमध्ये गायले. पहिल्यापासून. वरचा सूर आला, ऐसपैस आला, आणि तिथे टेकायला वेळ मिळाला. खाली येताना एक जागा आपोआप आली, सुरांचं एक लहानसं वळण. ती कुणी शिकवली नव्हती, मी कधी घेतली नव्हती. मुलगा दाराशी उभा होता आणि त्या जागेवर तो खराच रडला. पुढे टाळ्या वगैरे पुष्कळ झाल्या. काल आणि आजही प्रयोग भरलेला होता. लेखकाचा फोन आला, काकीचं आता काही खरं नाही.

मी सुखात आहे, वहिनी. खोटं कशाला सांगू? फक्त दादाची खुर्ची डोळ्यांसमोरून जात नाही. मी त्याचे दोन्ही नियम एकाच गाण्यात मोडले. त्याला विचारून मला कळव. वाईट असलं तरी कळव.

लोभ आहे ना अजून, तेवढं दोघांनी मिळून सांगावं.

तुझी,
चिमणी

---

दि. २८ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

नीट पोचले. चप्पल एका पायात स्वतःची आणि एका पायात दुसऱ्याच कुणाची, पण पोचले. मी विचारलं कसं झालं, तर बोट ओठावर ठेवून सरळ मागच्या खोलीत. तेव्हापासून पेटी वाजते आहे. त्याच दोन ओळी, मग थांबतात, मग स्वतःलाच गाढव म्हणतात, मग पुन्हा त्याच दोन ओळी. वकिलाचा कोट न्यायला आलेला माणूस म्हणाला, बाजाचा भाता फाटलाय का. मला वाटलं भयंकर चिडलेत. पण रागात माणूस इतका जेवत नाही.

आज त्यांनी स्वतः पत्र लिहिलं आणि पाकीट माझ्यासमोर चिकटवलं. वाफेवर धरलं तर मिनिटात सुटेल, माझ्यासमोर इस्त्री आहे. धरलं नाही. यावरून माझं तुमच्यावर किती प्रेम आहे ते समजा.

काकीला मारणार असतील तर आधी दिवस कळवा. बाकावरच्या मंडळींना पाणी प्यायला द्यावं लागेल.

ओढ अशीच राहू द्यावी.

तुमची,
वहिनी

---

दि. २८ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

मी पडदा पडण्याआधी उठलो, त्याचा तू भलता अर्थ लावला असशील. तू खाली येताना ती जागा घेतलीस आणि मला भीती वाटली, की आता लोक टाळ्या पिटतील आणि ती माझ्या कानातून जाईल. म्हणून लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पळालो. नाट्यगृहासमोर फुटपाथवर बसून गुणगुणून पाहिली. तिथेच अर्धी निसटली.

तू मध्येच थांबलीस ते मला आवडलं नाही. आवडणारही नाही. पण थांबली नसतीस तर पुढचं ऐकायला मिळालं नसतं, हेही खरं आहे, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही. काळी पाचमध्ये तू गायचीस तेव्हा मी लोकांना सांगायचो की हे मी शिकवलंय. त्या दिवशीचं मी शिकवलेलं नव्हतं. फार आनंद झाला.

आठवडाभर पेटीवर शोधतो आहे. वळायला लागते आणि हातातून जाते. रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतो. मला ती जागा शिकव. वयामुळे एकदा ऐकून येणार नाही, पुन्हा पुन्हा घ्यावी लागेल. कंटाळू नकोस.

कळावे. लोभ आहेच. शिकवणीला घ्यावे ही विनंती.

तुझा,
दादा